उजवीकडची पिशवी

"जड सामान खाली, हलकं वर, आणि दोन्ही बाजूंना सारखं वजन! मामा, माझ्या पिशव्यांना हात लावू नकोस!"

"नाही लावत गं बाई!" मामाने हातच जोडले.

बारा वर्षांच्या भाचीपुढे त्याचं काही चालत नसे. ती प्रत्येक गोष्टीची यादी करायची, म्हणून घरात तिचं नावच यादी पडलं होतं. तिच्या धाकट्या भावाला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं, म्हणून तो भोंगा. आणि मामाचा मुलगा ब्रेक, कारण दर दहा मिनिटांनी तो "थांबा जरा!" म्हणायचा.

सुटीतली सायकल सहल डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या दुरुस्तीच्या दुकानातून निघणार होती. चेनला तेल देण्यासाठी दुकानदारकाकांनी तिथे आलेल्या सगळ्याच गिऱ्हाइकांच्या सायकलींवरच्या पिशव्या उतरवून अंगणात ठेवल्या होत्या. मुलं नळावर बाटल्या भरून येईपर्यंत मामाने आपल्या पिशव्या कॅरियरला लटकवूनही टाकल्या. हात लावणार नाही म्हणाला होता, पण मामाच तो!

अर्ध्या तासात डांबर संपलं आणि खडीचा चढ सुरू झाला. यादी पहिल्यापासूनच वैतागली होती. तिची सायकल सारखी उजवीकडे झुकत होती.

"असं कसं? मी काट्यावर वजन करून भरलंय!"

"वारा असेल!" मामा पुढून ओरडला.

"वारा तर समोरून येतोय!" भोंगा गरजला.

"थांबा जरा!" म्हणत ब्रेकने सायकल आडवी घातली. या वेळी त्याच्यावर कुणी चिडलं नाही.

यादीने उजवीकडची पिशवी उघडली आणि बघतच राहिली. रंग तोच, पट्टे तेच. पण आत रेनकोट नाहीत, पंप नाही! त्याऐवजी पाव, केळी, उकडलेले बटाटे, एक जाडजूड ट्यूब आणि ग्लुकोजचा डबा.

"आपल्या रेनकोटांचे बटाटे झाले?" भोंग्याने डोळे मोठे केले.

"दुसऱ्याची पिशवी आली वाटतं," मामा ओशाळून म्हणाला. "घाईत लावली मी. असू दे, संध्याकाळी काकांकडे बदलून घेऊ."

पण डब्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. यादीने ती मोठ्याने वाचली. "मला मधुमेह आहे. मी असंबद्ध बोलू लागले किंवा मला दरदरून घाम आला, तर हे लगेच पाण्यातून द्या."

भोंग्याने उचललेलं केळं पटकन परत पिशवीत ठेवलं.

"'बोलू लागले' लिहिलंय, म्हणजे बाई आहेत," यादी म्हणाली. "त्यांचं सगळं खाणं आपल्याकडे आलंय! मामा, संध्याकाळपर्यंत कसं थांबायचं?"

मामाने फोन काढला. रेंज नव्हती. "मी खाली जाऊन काकांना विचारतो..."

"पण त्या खाली नसल्या तर?" यादीने विचारलं. कोण बाई? कुठे गेल्या? ओळखायच्या तरी कशा?

ब्रेक ती ट्यूब हातात घेऊन उलटसुलट बघत होता. "ही आपल्या ट्यूबच्या दुप्पट रुंद आहे. म्हणजे टायरही तसाच असणार. आणि मघापासून रस्त्यावर तसली एक खूण दिसतेय मला. सारखा थांबतो ना मी!"

खरंच! धुळीत एक रुंद नक्षीदार पट्टा वर जात होता. चौघे त्याच्यामागे निघाले. पण दोन वाटा फुटल्या तिथे सगळ्यांचं डोकंच चक्रावलं. खूण उजवीकडे गेली होती, परत आली होती आणि डावीकडेही गेली होती.

"गोल गोल फिरल्या की काय?" मामा म्हणाला.

"त्या गोंधळल्यात, मामा!" यादी म्हणाली. तिने गुडघे टेकून खुणा न्याहाळल्या. "ही डावीकडची खूण परतीच्या खुणेवर उमटलीय. म्हणजे हीच शेवटची. आणि बघ, शेजारी बुटांचे ठसे आहेत. त्या सायकल ढकलत गेल्यात!"

पुढच्या वळणावर, खडीच्या ढिगामागे सायकल आडवी पडली होती. तिच्याशेजारी एक बाई घामाघूम होऊन बसल्या होत्या. त्यांच्या हातात भोंग्याचा पिवळा रेनकोट होता.

"माझा कोट एवढासा कसा झाला?" त्या पुटपुटल्या.

कुणालाच हसू आलं नाही. मामाने डब्याचं झाकण धरलं, पण घाईत तो ते उलटंच फिरवत राहिला. यादीने डबा ओढून घेतला आणि बाटलीतल्या पाण्यात पूड ढवळली. ब्रेकने बाईंना पाठीमागून आधार दिला.

"बाई, इकडे बघा! एक घोट! आणखी एक!" भोंगा त्यांच्या कानाशी ओरडत राहिला. त्याच्या आवाजाने त्या दर वेळी डोळे उघडत आणि गिळत.

पंधरा मिनिटं गेली. हळूहळू बाई भानावर आल्या. त्यांनी पाव खाल्ला, केळं खाल्लं आणि चौघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तुम्ही कोण? आणि माझी पिशवी तुमच्याकडे कशी?"

मामाने मान खाली घालून सगळं सांगितलं.

"चूक माझीही आहे," बाई म्हणाल्या. डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी मोजणं हे त्यांचं काम होतं. "सकाळी इंजेक्शन घेतलं आणि वर गेल्यावर खाऊ म्हणत राहिले. मग भूक लागली, पिशवी उघडली, तर आत नुसते रेनकोट! पुढचं मला आठवतच नाही. असा डबा खिशात ठेवायचा असतो, पिशवीत नव्हे."

मामाने तिघांना जवळ घेतलं. "मी संध्याकाळपर्यंत थांबणार होतो," तो कसाबसा म्हणाला. "तुम्ही थांबला नाहीत. मोठी माणसं आज तुम्हीच."

आत्ता कुठे यादीचे हात कापायला लागले. सगळं ठीक झाल्यावर हे काय, हे तिचं तिलाच कळेना. बाईंनी ते बरोबर पाहिलं. डब्यातली चमचाभर पूड त्यांनी तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं मिटली.

"खा, बाळा. मघाशी तुम्ही मला पाजलंत, आता तू माझं ऐकायचं."