मोकळी खोबण

डॉ. उत्पला मगदूमने आलेख पुन्हा पडद्यावर आणला. पुन्हा तोच. मेल्या यंत्राला एकदा तरी खोटं बोलता यायला हवं होतं!

"सर, सगळीकडे खूण बसलीय."

डॉ. नायकवडींनी चष्मा कपाळावर सरकवला. मिरजेच्या या प्रयोगशाळेत त्यांचे केस पिकले होते. "म्हणजे औषध कुठेच नाही."

तत्त्व साधं होतं. पेशीतल्या कायनेझ प्रथिनाला एक खोबण असते. तिच्यात ऊर्जारेणू येऊन बसला की प्रथिन कामाला लागतं. या कर्करोगात एक कायनेझ थांबायचं नावच घेत नाही, म्हणून उत्पलाचं औषध त्याच्या खोबणीत ठाण मांडून बसायचं. ते बसलं का, हे बघायला रुग्णाच्या पेशींवर खूणरेणू सोडायचा. तो दिसायला ऊर्जारेणूसारखाच, पण मोकळ्या खोबणीत शिरून आपली खूण कायमची चिकटवणारा. एसटीत रिकाम्या सीटवर रुमाल टाकतात, त्यातलाच प्रकार. जिथे औषध आधीच बसलंय, तिथे खुणेला जागा नाही.

नमुना तिच्या थोरल्या भावाचा, पारीसदादाचा होता. उद्या औषधाच्या चाचणीची समिती बसणार होती. औषध लागू पडत नाही असं ठरलं, की दादाचं नाव चाचणीतून बाद. आणि त्याच्यासाठी दुसरं औषध नव्हतं.

"आजाराने खोबणीचा आकार बदलला असेल," ती म्हणाली. बोलतानाच तिला ते पटत नव्हतं.

"मग ती एकच मोकळी दिसली असती. तुझं औषध आणखी दोन भलत्या कायनेझांच्या खोबणींत शिरतंच, त्याही मोकळ्या आहेत. अगं, औषध रक्तात पोचतच नाहीये. घेतो ना तो?"

संध्याकाळी ती दादाच्या खाटेशी बसली. रागवायचंही त्राण उरलं नव्हतं.

"दादा, खरं सांग. कंटाळून कॅप्सूल टाकून देतोस ना?"

"टाकू? येडी का काय! तू केलेलं औषध. रोज घेतो की."

"कसं?"

"वरचं कवच तेवढं काढून टाकतो. जिलेटिन असतंय त्यात, जनावरांच्या हाडाकातड्याचं. आपल्यात ते कसं चालंल? आतली पूड गुळात कालवून गिळतो. त्या पुडीनं तोंड सोलून निघालंय, घास जात नाही. पण एक दिवस चुकवला नाही बघ."

ती पूड जठरातल्या आम्लात टिकत नाही. म्हणून तर ते कवच होतं, आतड्यात पोचल्यावरच विरघळणारं. वनस्पतीचं कवचही मिळत होतं. कांदासुद्धा न शिजणाऱ्या घरातली ही पोर, पण जिलेटिन निवडताना तिच्या मनाला शिवलंही नव्हतं. आणि दादाच्या तोंडातले फोड तिने औषधाचा दुष्परिणाम म्हणून नोंदवले होते.

"मला विचारायचंस की रे!"

"तुला वाईट वाटलं असतं."

तिने सगळं समजावून सांगितलं. समितीला काय सांगायचं ते आता तिला ठाऊक होतं. दादाकडे तेवढा वेळ आहे का, ते नव्हतं.

"म्हणजे इतके महिने मी औषध घेतलंच नाही?"

तिला मान हलवणंही जड गेलं.

"आणि आता पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून, दादा. कवच मी बदलून आणते."

"घेतो की," तो म्हणाला. "पण आजचा दिवस राहू दे. आज लई दमलोय गं."