दोन खरे आकडे

दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी दंडोबाचा आकडा लागायचा. त्या सकाळी मिरजेच्या एसटी स्टँडवरचे लोक गाडीची वेळ न बघता फलकाकडे बघत उभे राहत.

दंडोबाच्या डोंगराखालच्या माळावर दर जानेवारीत तीन दिवस उघड्यावर संगीत महोत्सव भरे. संध्याकाळी एकच कलाकार, आणि प्रत्येक संध्याकाळचं तिकीट वेगळं. कुठल्या दिवसाची किती तिकिटं खपणार, हे तीन महिने आधीच जाहीर होई आणि जवळपास तितकीच खपत. मंडपवाला त्यावर खुर्च्या ठरवी, चहावाला दूध सांगून ठेवी, लॉजवाले गाद्या मागवत. एसटीच्या बिनचालकाच्या गाड्या त्याच हिशेबाने माळाकडे वळवल्या जात. आणि गाणं ऐकायला जाणारे लोकही आधी आकडा बघत. "कोण गातंय?" हा प्रश्न "आकडा किती?" याच्या नंतर येई. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

हा आकडा काढायची रीत डॉ. मृण्मयी हेर्लेकर यांची. त्या गणितज्ञ होत्या, कोल्हापूरच्या. गाण्यातलं आपल्याला काही कळत नाही, हे त्या न लाजता सांगत.

त्यांच्या आधीही मागणीचं भाकीत करणारे होतेच. पण त्यांचे अंदाज फसत, आणि त्याचं कारण साधं होतं. पावसाचं भाकीत पावसाला ऐकू येत नाही. गर्दीचं भाकीत गर्दी ऐकते. तीस हजार येणार म्हटलं, तर ज्यांना जायचं नव्हतं तेही म्हणत, एवढे लोक जातायत म्हणजे काहीतरी असणार. तीन लाख येणार म्हटलं, तर जाणारेही घरी बसत. सांगितलेल्या आकड्यानेच खरा आकडा बदले.

हेर्लेकरांनी हा प्रश्न उलटा धरला. जाहीर केल्यावर किती लोक येतील, हे प्रत्येक संभाव्य आकड्यासाठी त्यांनी यंत्राकडून काढून घेतलं, आणि मग असा आकडा शोधला, की जो जाहीर केल्यावर नेमका तेवढाच उतरतो. गणितात याला स्थिरबिंदू म्हणतात. हेर्लेकर त्याला 'टिकाऊ आकडा' म्हणत, कारण लोकांना सांगितल्यावरही तो टिकतो. गेली अकरा वर्षं त्यांचा एकही आकडा चुकला नव्हता.

त्या वर्षी पहिल्या संध्याकाळी एका जुन्या, नावाजलेल्या सतारवादकांचा कार्यक्रम होता. त्यांच्या आकड्याची कुणाला काळजी नव्हती. तिसऱ्या संध्याकाळी धारवाडचा अद्वैत नाडगौडा गाणार होता. वय सव्वीस, मोबाइलवर त्याचं गाणं घरोघरी पोचलेलं. मधली संध्याकाळ कल्याणी सुतार यांची होती. त्या जतच्या शाळेत संगीत शिकवत. आठ वर्षांपूर्वी त्या याच माळावर गायल्या होत्या, तेव्हा त्यांचा आकडा लहान लागला होता आणि लहानच उतरला होता. त्यानंतर त्यांना कुणी फारसं बोलावलं नाही. या खेपेला त्यांचं नाव महोत्सवाचे चिटणीस दिनकर आवटी यांनी हट्टाने घातलं होतं.

आकडा लागायच्या चार दिवस आधी हेर्लेकरांनी आवटींना कोल्हापूरला बोलावून घेतलं. आवटी सत्तरीला टेकलेले, शेतीच्या पंपांचं दुकान चालवणारे गृहस्थ. हेर्लेकर काही सांगू लागल्या की ते दर वेळी समजलं असं म्हणत, आणि मग शेवटी पुन्हा विचारत.

या खेपेला हेर्लेकरांनी सावकाश सांगितलं. टिकाऊ आकड्याचा शोध यंत्राला कुठून तरी सुरू करावा लागतो. तो आजवर त्या कलाकाराच्या मागच्या कार्यक्रमांच्या खपापासून सुरू होत असे, आणि यंत्र सापडलेल्या पहिल्या टिकाऊ आकड्यावर थांबे. दुसरा असेल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. या वर्षी यंत्राचा वेग तपासायला म्हणून हेर्लेकरांनी शोध वरच्या टोकापासून सुरू करून पाहिला, आणि कल्याणी सुतारांचा दुसराच आकडा निघाला. खालून शोधलं तर दोन हजार; वरून शोधलं तर तीस हजार. दोन्ही टिकाऊ. मधे आणखी एक होता, पण तो कौलांच्या आढ्यावर ठेवलेल्या लिंबासारखा. जरा धक्का लागला की या नाही तर त्या बाजूला घरंगळणारा. त्याचा उपयोग नव्हता.

आवटींनी विचारलं, "मग यातला खरा कुठला?"

"दोन्ही."

"असं कसं, मॅडम? लोक एकदाच येणार."

"जो आपण लावू, तो खरा होणार."

आवटींना सुचलं ते सरळ होतं: तीस हजार लावा. बाई चांगल्या गातात. हेर्लेकरांनी नकारार्थी मान हलवली. माळावर येणाऱ्यांपैकी बहुतेकांना तीनपैकी दोनच दिवस जमतात. पहिला दिवस ठरलेला. उरलेल्या दोनातला एक ते निवडतात. कल्याणीबाईंचे तीस हजार झाले, की अद्वैतचे दोन हजारच उरतात. नेहमीच्या रीतीने आकडे लावले, तर याच्या बरोबर उलट होतं.

आकडाच लावला नाही तर, असं आवटींनी विचारलं. हेर्लेकरांनी तेही पाहिलं होतं. अकरा वर्षांच्या सवयीनंतर न लागलेला आकडा लोक शून्य म्हणूनच वाचतात. दोन्ही आकडे एकदम जाहीर केले तरी तेच. संशय आला की लोक लहान आकडा खरा धरतात आणि दोघांच्याही संध्याकाळी ओस पडतात.

"म्हणजे तुम्हाला कुणाला तरी निवडावंच लागणार," आवटी म्हणाले.

"आजवरही निवडतच होते. फक्त मला ठाऊक नव्हतं."

मग त्यांनी आवटींना दुसरी गोष्ट सांगितली. जुनी सगळी वर्षं त्यांनी पुन्हा यंत्रात घालून पाहिली होती. पुष्कळ संध्याकाळींना एकच टिकाऊ आकडा होता. काहींना दोन होते. आठ वर्षांपूर्वीची कल्याणी सुतारांची संध्याकाळ त्यांतली एक होती.

दुसऱ्या दिवशी हेर्लेकर जतला गेल्या.

कल्याणीबाई त्रेचाळीस वर्षांच्या होत्या, बोलणं हळू, केस कानाशी पांढरे. शाळा नुकतीच सुटली होती. त्यांनी पाहुणीला खुर्ची दिली आणि चहा टाकला. हेर्लेकरांनी आल्याचं कारण आडपडदा न ठेवता सांगितलं. कल्याणीबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहून ऐकत होत्या. चहा उतू गेला तेव्हा त्यांनी गॅस बंद केला, पण वळल्या नाहीत.

त्या वर्षी काय झालं होतं, ते मग त्यांनी थोडक्यात सांगितलं. रिकाम्या खुर्च्यांपुढे गायल्यावर त्यांनी कुणाला दोष दिला नव्हता. आपल्या गाण्यात काहीतरी उणं आहे, एवढंच त्यांनी मनाशी धरलं. ते उणं काय, हे शोधायला त्यांनी आवाजाची फेक बदलली, मग लय बदलली, मग आपल्या गुरूंच्या बंदिशी गाणंच सोडलं. बरीच वर्षं शोधलं. सापडलं नाही.

"ते नव्हतंच," हेर्लेकर म्हणाल्या. "निदान माझ्या आकड्यावरून ते सिद्ध होत नव्हतं."

"आणि आता तुम्ही मोठा आकडा लावलात, लोक आले, तर त्यावरून काय सिद्ध होईल?"

हेर्लेकरांनी खरं उत्तर दिलं. त्यावरूनही काही होणार नाही.

कल्याणीबाईंनी मग विचारलं, की मोठा आकडा त्यांना लागला तर लहान कुणाला. हेर्लेकरांना हे सांगायचं नव्हतं, पण विचारल्यावर त्यांनी नाव लपवलं नाही. कल्याणीबाईंनी अद्वैतचं गाणं ऐकलेलं होतं. शाळेतल्या मुलींना त्या त्याचं गाणं लावून दाखवत.

कल्याणीबाईंनी उरलेला चहा गाळून कप पाहुणीपुढे ठेवला. मग त्या बोलल्या.

"मला विचारू नका, डॉक्टर. नाही म्हणायची माझी ताकद नाही. आणि मी हो म्हटलं, तर त्या दिवशी मला गाता येणार नाही."

हेर्लेकर परतीच्या वाटेवर हे वाक्य मनात घोळवत राहिल्या. त्यात नकार नव्हता, हे त्यांना दिसत होतं; आणि आपल्याला तेवढंच हवं होतं, हेही दिसत होतं. अद्वैत तरुण आहे, त्याला पुढे संधी मिळतील, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण त्याच्या पुढच्या आकड्याचा यंत्रातला शोध या वर्षीच्या खपापासूनच सुरू होणार, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षीपासून रीत बदलायची, असं त्यांनी ठरवलं. कशी बदलायची, ते सुचलं नाही.

सोमवारी फलकावर कल्याणी सुतारांपुढे तीस हजार आणि अद्वैत नाडगौडापुढे दोन हजार लागले. स्टँडवर थोडी कुजबुज झाली. कोण या सुतारबाई, असं एकाने विचारलं, तर शेजारच्याने फार मोठ्या गायिका आहेत म्हणून सांगितलं. दिवाळीच्या आत त्यांची तिकिटं संपली.

जानेवारीत त्या संध्याकाळी माळ माणसांनी भरून गेला. ऊन उतरत होतं, डोंगराची सावली मंडपापर्यंत आली होती. कल्याणीबाईंनी पूरिया लावला, आणि गुरूंच्या त्या सोडून दिलेल्या बंदिशी त्या पुन्हा गायल्या. हेर्लेकर खुर्च्यांच्या मध्यावर बसल्या होत्या. त्यांच्या शेजारची एक म्हातारी डोळे पुसत होती. पुढच्या रांगेतले दोघे एकमेकांचा हात दाबून समेवर मान देत होते. यात खोटं काहीच नव्हतं. गाणं संपल्यावर माणसं उभी राहिली आणि पुष्कळ वेळ उभीच राहिली. बाहेर पडणाऱ्यांना समितीने नेहमीप्रमाणे विचारलं, की तुम्ही का आलात. जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं, बाईंच्या आवाजासाठी. आकड्याचं नाव कुणी काढलं नाही.

आवटींना फार आनंद झाला होता. आपण म्हणत होतो तेच खरं ठरलं, असं ते भेटेल त्याला सांगत होते. हेर्लेकरांशी झालेलं बोलणं ते विसरले होते असं नाही; ते त्यांना आता महत्त्वाचं वाटत नव्हतं.

कल्याणीबाई दुसऱ्या दिवशी जतला परतल्या नाहीत. अद्वैतच्या संध्याकाळी त्या पुढच्या रांगेत येऊन बसल्या, आणि हेर्लेकर त्यांच्या शेजारी. मागे मोठ्या माळावर खुर्च्या तुरळक भरलेल्या होत्या. वारा सुटला होता, आणि माणसं कमी असल्यामुळे तो सरळ मंचापर्यंत येत होता. अद्वैतने त्या पसरलेल्या रिकामेपणाकडे एकदा पाहिलं आणि तानपुऱ्याकडे वळला. त्याने मारवा गायला. सगळा कार्यक्रम त्याने पूर्ण केला, काही आखडतं घेतलं नाही.

लोक उठून जाऊ लागले तेव्हा हेर्लेकरांनी विचारलं, "कसं झालं? मला यातलं कळत नाही."

"तयारी आहे," कल्याणीबाई म्हणाल्या. "पण आवाज पातळ वाटला. पोचत नव्हता."

कल्याणीबाईंनी शालीची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"आकडा कुठून आला ते मला माहीत आहे. तुम्हीच माझ्या घरी बसून सांगितलंत. म्हणून मी मुद्दाम डोळे मिटून ऐकलं. तरी तो पातळच ऐकू आला."

"आणि काल, तुमचा तुम्हाला?"

"काल मला माझा आवाज भरदार वाटला," कल्याणीबाई म्हणाल्या. "कधी नव्हे इतका."

तेवढ्यात अद्वैत मंचावरून उतरून आला आणि त्याने वाकून कल्याणीबाईंना नमस्कार केला. काल त्याने त्यांचं गाणं शेवटपर्यंत उभं राहून ऐकलं होतं, असं तो म्हणाला. मग आपलं कुठे चुकलं ते मोकळेपणाने सांगा, अशी त्याने विनंती केली.

कल्याणीबाईंनी हेर्लेकरांकडे पाहिलं. आकड्याविषयी सांगण्यासारखं पुष्कळ होतं, आणि तो ऐकायला तयारही होता. पण त्याने विचारलं होतं ते गाण्याविषयी, आणि त्या शिक्षिका होत्या.

"मारव्यात षड्जावर इतक्या लवकर यायचं नसतं," त्या मायेने म्हणाल्या. "तू घाई करतोस. तिथे भरीवपणा जातो."

अद्वैतने डोळे मिटून तो स्वर मनात लावून पाहिला. मग त्याची मान हलली. त्यालाही ते ऐकू आलं होतं.