फोटोतून कापलेला अंगठा

पहारी चालू झाल्या होत्या. बागेतले पहिले कुजके खोड सकाळीच उपटून निघाले होते आणि माळी आता दुसऱ्याच्या मुळाशी खणत होते.

"पण त्यात भुंग्याच्या अळ्या आहेत!" पण्या म्हणाला. प्रत्येक वाक्याची सुरुवात 'पण'ने करणाऱ्याला दुसरे काय नाव पडणार? त्याच्या मावसबहिणीला चष्म्यामुळे सगळे भिंगी म्हणत. सुट्टीला दोघे मामाकडे आले होते आणि मामा या बागेचा अधीक्षक होता.

मामाने खिशातून कागद काढला. "संग्रहालयातल्या बाईंचं उत्तर वाचलंत ना? तुम्ही इथल्या खोडावर काढलेल्या फोटोतला सांबरशिंगी भुंगा छोट्या जातीचा, तीन सेंटीमीटरच्या आतला, कुठेही सापडणारा. मोठ्या, दुर्मिळ जातीचा असता तर मी काडीही हलवली नसती."

"पण तो मोठा होता. भिंगे, सांग की."

भिंगीने मान वळवली. उपटलेल्या खोडातल्या पांढऱ्या अळ्या कावळे टिपत होते. ती मोजू लागली आणि अकरावर थांबली.

मूळ फोटोत भुंग्याशेजारी तिचा अंगठा होता. कुरतडलेले नख तज्ज्ञ बाईंना दिसू नये म्हणून पाठवण्यापूर्वी तिने तो कापून टाकला होता. उरलेल्या चित्रातला भुंगा तीन सेंटीमीटरचा असू शकत होता, तसाच तीन फुटांचाही. फोटो स्वतःहून माप सांगत नाही. हे तिला काल उत्तर आले तेव्हाच उमगले होते. तरी ती मूग गिळून बसली होती.

"मामा, त्यांना थांबव," ती म्हणाली. "चूक माझी आहे." तिने फोनमधला मूळ फोटो पुढे धरला आणि सगळे सांगितले.

"म्हणजे अंगठा कापलास आणि आम्हालाच अंगठा दाखवलास," मामा म्हणाला.

"पण मामा, माप तूही विचारलं नाहीस."

मामाने घसा खाकरला. "अंगठा भुंग्याच्या मागे लांब धरला असेल, तर भुंगा उगाच मोठा दिसेल. त्याचं काय?"

"लांब नव्हता. दोघांच्या सावल्या बघ. एकाच सालीवर टेकल्यात."

पण्याने अवजारांच्या खोलीतून पट्टी आणली. अंगठ्याची रुंदी भरली पंधरा मिलिमीटर. फोटोतला भुंगा जबड्यांसह चार अंगठे लांब होता. मामाने माळ्यांकडे बघून हात वर केला. पहारी थांबल्या.

भिंगीने मूळ फोटो, माप आणि आपली चूक कळवताच बाईंनी फोन केला. "सहा सेंटीमीटर! छोटी जात एवढी वाढत नाही. ही मोठीच. मापाशिवाय जात सांगू नये असं मी विद्यार्थ्यांना बजावते आणि काल स्वतःच विसरले. आपली चूक पुराव्यासकट सांगणारे निरीक्षक मोठ्यांतही थोडेच असतात. शाबास, मुली. नोंदीत तुझा अंगठा राहील, नखासकट."

"ऐकलंस?" मामाने तिच्या पाठीवर थाप मारली. मग त्यानेच बाह्या सरसावल्या आणि उपटलेले खोड तिघांनी मिळून पुन्हा खड्ड्यात लोटले. भिंगीने माती चाळली. जिवंत अळ्या चार सापडल्या. एकेक करून तिने त्या कुजक्या भुशात ठेवल्या.

"पण चार वाचल्या की," पण्या हळूच म्हणाला.

भिंगीचा अंगठा सवयीने दातांपाशी गेला आणि तिथूनच मागे फिरला. कुंपणावर एक कावळा सावकाश चोच पुसत होता.