विंझरच्या सर्व्हरमधली जागा

बसा जवळ. ही माझ्या साडूच्या मुलाची, वरदची गोष्ट, त्यानंच मला सांगितलेली. दोन हजार चोवीस सालची, बारा जानेवारी, शुक्रवार.

वरद भोरचा. आसपासच्या डेअऱ्यांचे सर्व्हर सांभाळायचा. विंझरच्या एका डेअरीत कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगला जागा उरली नव्हती, म्हणून दोन कोऱ्या डिस्क घेऊन गेला. संध्याकाळचं दूध आटोपल्याशिवाय सर्व्हर बंद करता येत नाही. हात लावायला साडेनऊ वाजले. सोबतीला वॉचमन कोंडिबा.

खरं तर हे काम वर्षभर आधीच व्हायचं होतं. "पुढच्या महिन्यात बघू," असं वरदच म्हणाला होता. आणि त्याच महिन्यात दूध घालून परतणाऱ्या हनुमंताला गेटसमोर कुणीतरी गाडीनं उडवलं. पहाटेपर्यंत तो तिथंच पडून होता, तिथंच गेला. गाडी कुणाची, ते कळलंच नाही. डिस्क भरलेली, त्या रात्रीचं रेकॉर्डिंग झालंच नव्हतं. त्याची बायको शिवानी दोनदा विचारायला आली होती. वरदनं दोन्ही वेळा मान खाली घालून नाही म्हटलं होतं.

तर त्यानं डिस्क बसवल्या, दोन्हींचा मिळून एक व्हॉल्यूम ग्रुप केला. म्हणजे दोन कोठ्यांमधली भिंत काढून एकच मोठी कोठी. आठ टीबी मोकळे. कॅमेरे अजून जोडायचे होते.

तरी आत एक फाईल दिसली.

त्यानं उघडली. गेट. रस्ता. रस्त्यावर आडवा पडलेला माणूस. त्यानं हळूहळू मान वळवली... थेट कॅमेऱ्याकडं. ओठ हलले.

"हनुमंता हाय त्यो," कोंडिबा पुटपुटला. "पाणी मागतोय."

वरदनं फाईल पुसली. पुसली गेली नाही. पुन्हा पुसली. चित्राच्या कोपऱ्यात वेळ दिसत होती. आजची तारीख... आत्ताची वेळ.

पाण्याची बाटली उचलून तो बाहेर धावला.

रस्ता मोकळा. दोन्हीकडं अंधार. तो तिथंच गुडघ्यांवर बसला. "हनुमंतराव, मला काहीच करता येत नाही हो..." बाटलीतलं पाणी त्यानं डांबरावर ओतलं आणि परतला.

कोंडिबा भिंतीला टेकून उभा. नजर पडद्यावर.

"काय झालं?"

"तुमी त्याला पाणी पाजलं..."

"तिथं कुणी नव्हतं, कोंडिबा."

"प्याला त्यो. मग उठला..."

"मग?"

कोंडिबा दाराकडं बघत राहिला. "तुमच्या मागनं आत आला."

दोघंही हलले नाहीत. सर्व्हरचा पंखा तेवढा फिरत होता.

पडद्यावर आता फाईल नव्हती. वरदनं मोकळी जागा किती ते पाहिलं.

शून्य.

पुढं पुण्याहून जाणती माणसं आली. त्यांनी ग्रुप मोडला, नवा केला. तीनदा केला. आत फाईल एकही नाही... आणि मोकळी जागा अजून शून्यच दाखवते.