चौथी सुपारी

या, पुढे या. तिथे दारापाशी नका बसू, आत देव्हाऱ्याजवळ सतरंजी घातलीय. पंखा बंदच राहू दे, माझ्या घरात हल्ली तो लागत नाही. कीर्तनात पूर्वरंग संपला की बुवा उपरण्याने कपाळ टिपतात, गळ्यात हार घालून घेतात आणि मग आख्यान लावतात. मी पूर्वरंग करत बसत नाही, थेट आख्यानच सांगते. लांबवणार नाही, आणि देवासमोर बसून खोटंही सांगणार नाही.

मी विनिता. वागळे इस्टेटमधल्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी गेली. थिनरचा डबा उघडला की नुसत्या वासावरून भेसळ ओळखायचे. हे सांगायचं एवढ्यासाठी, की मी उगीच भिणारी बाई नाही. माझी देवावर श्रद्धा आहे, तशीच थर्मामीटरवरही.

डोंबिवलीतल्या या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर दोनच दारं. हे माझं आणि समोरचं कलावतीचं. मी एकटी राहते. ती मुलगा सौमित्र, सून क्षिप्रा आणि नात मैथिली यांच्याबरोबर राहायची. दर गुरुवारी आम्ही दोघी मारुतीच्या देवळात कीर्तनाला जायचो. गुडघे दुखायचे तरी ती पहिल्या रांगेत मांडी घालून बसायची. बुवांनी झांज मारली की हिचे डोळे भरलेच.

गेल्या गणपतीत सौमित्रने जाहीर केलं, नाताळात युरोप. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. टूर कंपनी नको, आपलं आपण जायचं.

"आई, तुला वेळ आहे. तू कर ना प्लॅनिंग," तो म्हणाला.

कलावती नोकरीत असताना रेल्वेच्या ऑफिसात वेळापत्रकं बसवायची. तिला हे सांगणं म्हणजे भुकेल्याला पान वाढल्यासारखं. मैथिलीचा टॅब मांडीवर घेऊन ती दुपारभर त्या शहरांच्या गल्ल्या फिरायची. कुठली ट्राम कुठे वळते, कुठल्या हॉटेलातून नदी दिसते, थंडीत कुठलं चर्च आतून गरम असतं, सगळं तिला तोंडपाठ झालं.

"अगं विनिता, तिथे एक पूल आहे. दोन्ही बाजूंना तीस मूर्ती. मी एकेकीपाशी थांबणार बघ."

"तू थांबशील. सून थांबेल का?"

"तिने जावं पुढे. मी गाठेन."

प्रागच्या चौकात एक जुनं घड्याळ आहे म्हणे. तासाचा ठोका पडायच्या वेळी त्यातला सांगाडा घंटा ओढतो आणि वरच्या खिडक्यांतून संत फिरत जातात. हे सांगताना ती लहान मुलीसारखी टाळी द्यायची. "आपल्या बुवांना दाखवायला हवं गं. अख्खं आख्यान होईल!"

"आजी, तू गूगलची पण आजी आहेस," मैथिली म्हणायची, आणि सगळे हसायचे.

ठाण्याला रस्त्यावर तिबेटी बायका लोकरीचे कपडे घेऊन बसतात. आम्ही दोघी जाऊन तिच्यासाठी जांभळी शाल आणली. तिने ती डोंबिवलीच्या उकाड्यात अंगावर घेऊन पाहिली आणि घामाने भिजत म्हणाली, "आता पडू दे बर्फ."

निघायचा दिवस नेमका अमावास्येचा आला. तिकिटं काही बदलायची नव्हती. कलावतीने तोड काढली. "प्रस्थान ठेवते तुझ्याकडे."

हल्लीच्या पोरांना हे ठाऊक नसतं, म्हणून सांगते. प्रवासाचा दिवस चांगला नसेल तर आधीचा चांगला दिवस बघून घरातून गाठोडं बाहेर काढायचं आणि दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. त्यात थोडे तांदूळ, हळकुंड, माणशी एक सुपारी आणि अंगावरचं एखादं वस्त्र. गाठोडं बाहेर पडलं, की माणूस निघाला असं धरायचं. निघताना ते उचलून पुढे जायचं. बेत मोडलाच, तर ज्याचं गाठोडं त्यानेच येऊन ते परत घरी न्यायचं. तोपर्यंत तो माणूस प्रवासात.

कलावतीने जांभळ्या शालीत चार सुपाऱ्या बांधल्या आणि गाठोडं माझ्या देव्हाऱ्याखाली ठेवलं. सौमित्र सोबत होता. त्याने चारही सुपाऱ्या मोजून बांधताना पाहिल्या.

अमावास्येला दुपारी गाडी आली. खाली बॅगा उतरल्या त्या तिघांच्या. कलावती नवे बूट घालून माझ्या दारात उभी होती. सौमित्र वर आला.

"आई, बूट काढ. तुझं तिकीट काढलेलं नाही."

ती हसली. तिला गंमत वाटली.

"अगं, तिथे मायनस आठ असतं. तुझे गुडघे! आम्ही बघायचं काय, तुला की शहर?"

"मग आधी का नाही बोललास?" हे मी विचारलं.

"मावशी, आधी सांगितलं असतं तर हिने एवढं प्लॅनिंग केलं असतं का?"

तो हे चिडून बोलला नाही. सरळ, खरं काय ते सांगावं तसं बोलला. क्षिप्रा लिफ्टमधून म्हणाली, "आई, रोज व्हिडिओ कॉल करू हं!" मग सौमित्रने आत येऊन देव्हाऱ्याखाली वाकून गाठोडं सोडलं, तीन सुपाऱ्या खिशात टाकल्या आणि चौथी शालीत तशीच ठेवून गेला.

मी कलावतीला पाणी दिलं. म्हटलं, "ऊठ, गाठोडं घे आणि घरी चल."

तिने शालीची गाठ पुन्हा मारली. घट्ट. "मी निघालेय, विनिता. परत कशी नेऊ?"

बूट न काढताच ती समोरच्या घरात गेली.

दुसऱ्या दिवशी कलावतीकडे दूध आलं नाही. दूधवाल्याला फोन केला, तर म्हणाला, "घर बंद हाय ना मॅडम. बेल मारली, कोण नाय."

"अरे, काकू आहेत."

"काकू तर गेल्या ना फॉरेनला?"

त्या गुरुवारी आम्ही देवळात निघालो. फाटकावर वॉचमन काळुराम उभा होता. कलावती माझ्या शेजारी, माझा दंड धरून चालत होती. काळुराम मला म्हणाला, "आज एकट्याच का मावशी?"

मी तिच्याकडे बघितलं. ती हसून म्हणाली, "बघ, लोकांना कळतं गं."

कीर्तनात मध्यंतराला बुवांचे शिष्य बुक्का लावत आले. कलावतीने कपाळ पुढे केलं. त्यांनी मला लावला आणि तिच्या पलीकडच्या बाईला लावला. कलावती कपाळ पुढे करून तशीच बसून राहिली.

मी रोज तिच्याकडे चहा घेऊन जाऊ लागले. ती हॉलमध्ये खिडकीशी खुर्चीवर बसलेली असायची, पायात तेच बूट. कप तिच्या हातात गेला की वाफ तुटायची. घोटभर प्यायची आणि दिवसभराचं सांगायची. आज घड्याळ पाहिलं. सांगाड्याची मान किंचित हलते, ते फोटोत कळत नाही. पुलावर दगड इतके गार, की हात चिकटतो. मी म्हणायचे, टॅबवर बघून सांगतेय बिचारी, सांगू दे.

पण बुटांखाली लादी ओली असायची. आणि घरात वास असायचा. दगडी कोळशाचा धूर, ओली लोकर, आणि त्याखाली काहीतरी कोरडं, स्वच्छ, जे मी आयुष्यात कधी हुंगलं नव्हतं. आता वाटतं, तो बर्फाचा असावा.

मी कपाटातून माझा प्रयोगशाळेतला जुना थर्मामीटर काढला. टळटळीत दुपार होती, खिडकीतून ऊन आत आलेलं. मी तो तिच्या खुर्चीच्या हातावर ठेवला. पारा उणे आठवर जाऊन थांबला.

त्याच दुपारी माझ्या फोनवर मैथिलीचा कॉल आला. आवाज दबका होता.

"मावशीआजी, आजी घरी आहे ना?"

"आहे की. माझ्यासमोर बसलीय."

"नक्की ना?"

"अगं, काय झालं?"

"पुलावर कुणीतरी माझा हात धरला. मला वाटलं मम्मा. पण मम्मा पुढे होती. हातमोज्यातून कळलं मला… आजीची ती वाकडी करंगळी."

मी कलावतीकडे पाहिलं. ती चहा पीत होती.

"तिला पूल टॅबवरच बघ म्हणावं," मैथिली म्हणत होती, मग स्वतःच थांबली. "नाही. टॅब तर मी इकडे आणलाय."

मी फोन ठेवला आणि कलावतीसमोर हात जोडले. "पुरे झालं गं. चल, गाठोडं उचल. तुझ्या पाया पडते."

"अर्ध्या मूर्ती राहिल्यात," ती म्हणाली. "तेवढ्या बघते आणि येते. तू गाठोडं सांभाळ. तेवढंच काय ते माझं तुझ्याकडे आहे."

दुसऱ्या सकाळी गेले तेव्हा दाराला आतून कडी होती. सोसायटीच्या लोकांना बोलावून दार उघडवलं. खुर्ची रिकामी. खुर्चीच्या वेतावर पांढरा थर होता. माझ्या बोटाखाली त्याचं पाणी झालं.

तिघं परत आली. पोलिसांत तक्रार झाली, स्टेशनबाहेर फोटो लागला. सौमित्र शेजाऱ्यांना सांगत होता, "डोक्यावर परिणाम झाला असणार. आम्ही काय कमी केलं तिला?" मैथिलीने तो हातमोजा काढलेला मी बघितला नाही.

आणि माझ्या देव्हाऱ्याखालचं गाठोडं ओलं होऊ लागलं.

मी रोज ते हुंगत होते. आधी धूर आणि बर्फ. मग ओली माती, झाडं. मग बरेच दिवस नुसती तापलेली धूळ. मग एके सकाळी समुद्र, मिठागरांसारखा खारा. मी गाठोडं कपाळाला लावलं आणि रडले. ती येत होती. चालत येत होती.

मग शाल ओली राहिना. तिला डिझेलचा वास आला, ट्रकच्या टायरांचा, खडीचा. हा वास मी ओळखते. इथल्या जवळच्याच शीळफाट्याला सिग्नलवर उभं राहा, हाच येतो.

मी धावत समोर गेले. "सौमित्र, आई येतेय. आज-उद्या पोचेल. गाठोडं तिच्या हातात दिलं की घरात येईल."

क्षिप्रा किंचाळली, "मावशी, प्लीज! तुमच्यामुळे पोरगी झोपत नाही!"

सौमित्र शांत होता. "कुठेय ते गाठोडं?" त्याने विचारलं.

"देव्हाऱ्याखाली."

गुरुवार होता. मी कीर्तनाला गेले. तिच्यासाठी बुक्का कागदात बांधून आणायचा होता. परतले तर देव्हाऱ्याखाली जागा रिकामी. शेजारी म्हणून माझ्या घराची किल्ली त्यांच्याकडे असायचीच.

सौमित्र दारात हात पुसत उभा होता. "खाडीत सोडलं मावशी. नीट, हात जोडून. सुटली ती. आता तुम्हीही सुटा."

"अरे, ती फाट्यापर्यंत आली होती!"

"आता येणार नाही," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा खरंच हलका झालेला दिसला.

दुसऱ्या दुपारी माझी बेल वाजली.

दार उघडलं. पॅसेजमध्ये कुणी नव्हतं. लादीवर बुटांचे ओले ठसे, माझ्या दाराकडे तोंड केलेले. गारवा माझ्या पायांवरून आत आला.

"विनिता," ती म्हणाली. इतकी दमलेली. "माझं गाठोडं दे गं. घरी जायचंय."

समोरच्या घरातून हसण्याचा आवाज येत होता. क्षिप्रा कुणाला तरी फोनवर सांगत होती, पुढच्या वर्षी स्वित्झर्लंड.

मी काय देणार होते? मी म्हटलं, "शोधतेय गं. थांब जरा."

"सावकाश शोध. मी उभी आहे."

तेव्हापासून रोज. मी नवी शाल आणली, सुपारी बांधली, पुढे केली. ती म्हणाली, "ही नाही गं." बुवांना विचारलं. ते म्हणाले, "तिला खोटी आशा नका देऊ." पण खरं कसं सांगू? जिला मुलाने एकदा दारातून परतवलं, तिला मी दुसऱ्यांदा कशी परतवू?

आणि आता ती विसरायला लागलीय. आधी ट्राम विसरली. मग मूर्ती. परवा समोरच्या दाराकडे बघून मला विचारलं, "कोण राहतं गं तिथे? चांगली माणसं आहेत का?"

काल विचारलं, "विनिता, मला काय म्हणतात गं?"

मी सांगितलं. तिने दोनदा म्हणून पाहिलं, आणि पुन्हा विचारलं.

म्हणून तुम्हाला बोलावलं. माझंही वय झालं. मी गेल्यावर बेल वाजली तर आतून सांगायला कुणी नसेल. कलावती. एवढं एक नाव लक्षात ठेवा, संध्याकाळी दिवा लावाल तेव्हा एकदा घ्या. आणि आता निघाल ना, तेव्हा दारातून बाजूने जा. मधली लादी ओली आहे.