तीन बेचाळीसला पडणारा प्रेस

"अब्बू, हात!" इन्शा किंचाळली.

धाड!

कुणीही बटण दाबलं नव्हतं. तरी प्रेसचा जाडजूड लोखंडी रॅम खाली आला, आतला पत्रा चेपून पुन्हा वर गेला. इन्शाचे अब्बू, नूरुद्दीन, उजवा हात छातीशी घट्ट धरून उभे होते. क्षणापूर्वी तोच हात त्या पत्र्यावर होता.

इन्शाच्या हातातला चहाचा थर्मास सुटून गडगडत गेला. तिच्यामागे आलेली तिची मैत्रीण सायली आणि सायलीचा धाकटा भाऊ सम्राट, दोघंही जागच्या जागी थिजले होते.

"चाचा, बोटं दाखवा," सायली कशीबशी म्हणाली.

नूरुद्दीनचाचांनी हात उघडला. पाचही बोटं होती.

शेडच्या टोकाकडून फोरमन सहादेव धावत आला. "नूरभाई, बटनाला हात लागला असंल तुमचा!"

"दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय रॅम खाली येत नाही, सहादेवराव. माझा एक हात आत होता. उरलेल्या एका हाताने दोन बटणं कशी दाबू?"

"मंग पेटीतला प्रोग्राम बिघडला. त्यो मॅडमचा कारभार!"

मॅडम म्हणजे सायली-सम्राटची आई, जयमाला. नागापूरच्या एमआयडीसीत चार शेड पलीकडे तिचं छोटं वर्कशॉप होतं. जुन्या मशीनना हव्या तशा कंट्रोलच्या पेट्या ती स्वतः बनवायची. आतला प्रोसेसर जुना, ८०८५. लोक पेंटियमच्या गप्पा मारत, तेव्हा ती म्हणायची, "माझा म्हातारा कमी बोलतो, पण खोटं बोलत नाही."

आणि आता तोच खोटं बोलत होता. खंडेनवमीपासून पाचव्यांदा!

जयमालाने पेटी दोनदा आपल्या टेबलावर आणली होती. दिवसदिवस चालवून पाहिली होती. एकदाही बिघडली नाही! प्रोग्रामची चिप तिने मूळ नोंदीशी ताडून पाहिली. एक अक्षरही इकडचं तिकडे नव्हतं. घरभर प्रोग्रामचे कागद पसरले होते आणि आई ताटावर बसूनही जेवत नव्हती.

"चूक सापडेपर्यंत प्रेस बंद ठेवा," ती सहादेवला पुन्हा पुन्हा सांगत होती.

"व्हय, व्हय," तो म्हणायचा. तिची पाठ वळली की प्रेस सुरू! दिवाळीच्या आधी माल जायलाच हवा होता. आणि प्रेसवर बसायचं होतं नूरुद्दीनचाचांनाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं वर्कशॉपच्या पायरीवर बसले होते. दिवाळीच्या किल्ल्यासाठी आणलेली माती कोपऱ्यात तशीच पडली होती.

"मला रात्री झोपच आली नाही," इन्शा म्हणाली. "डोळे मिटले की धाड! अब्बू सकाळी डबा घेऊन निघाले, तेव्हा मी त्यांच्या हातांकडेच बघत होते."

सायलीने गणिताची वही उघडली. "रडू नको. तू रोज चहा घेऊन जातेस ना? कधी कधी पडला ते सांग."

"काल पडला. परवाही. शेडमधल्या घड्याळात दोन्ही वेळा तीन बेचाळीस झाले होते. मंगळवारीही चहा ओततानाच पडला, म्हणजे साधारण तेव्हाच."

"आणि बुधवारी?"

"बुधवारी नाही पडला. त्या दिवशी आभाळ भरलं होतं. मी छत्री नेली होती."

"रॅमला काय भिजायची भीती?" सम्राट म्हणाला. कुणी हसलं नाही. "पण ताई, पहिल्यांदा तर सकाळी पडला होता! खंडेनवमीला. आईबरोबर मी गेलो होतो ना प्रसादाला? मशीनची पूजा झाली, नारळ फुटला, प्रेस सुरू केला. फोटोवाल्याने फ्लॅश मारला आणि धाड! सगळे म्हणाले, कुणाचा तरी धक्का लागला."

सायलीची पेन्सिल थांबली. "फ्लॅश मारला आणि लगेच?"

"लगेच!"

"म्हणजे उजेड!" सायली उभी राहिली. "इन्शा, प्रोग्रामच्या चिपच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी असते. जुना प्रोग्राम पुसायचा असला की आई चिप जांभळ्या दिव्याखाली ठेवते. प्रोग्राम भरला की खिडकीवर स्टिकर लावते. मी एकदा बिनस्टिकरची चिप उन्हात ठेवली होती, तेव्हा केवढी ओरडली होती!"

"पण उजेड आत शिरणार कसा?" सम्राट म्हणाला. "पेटीला झाकण आहे की!"

"झाकण?" इन्शाने विचारलं. "कुठलं झाकण? मी रोज जाते. पेटी उघडीच असते."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आई जायची तेव्हा झाकण पक्कं बसवलेलं असायचं!

"किती वाजले?" सायलीने विचारलं.

"तीन पस्तीस."

आई सुटे भाग आणायला नगरमध्ये गेली होती. शेजारच्या माणसाला सांगून तिघं पळत सुटले. ऑक्टोबरचं लख्ख ऊन. आज आभाळात ढगाचं नाव नव्हतं!

शेडच्या दारात सहादेव आडवा उभा होता. "पोरान्नी आत यायचं न्हाई! काल लई गोंधळ घातला."

सम्राटने तोंड पाडलं. "काका, कालचा थर्मास आत राहिला. हिची अम्मी म्हणाली, थर्मास नाही तर घरी येऊ नका. तो बघा, त्या ड्रममागे गेलाय. काढून देता?"

"कटकट नुसती!" म्हणत सहादेव ड्रममागे वाकला. मुली त्याच्या पाठीमागून आत शिरल्या.

प्रेसच्या शेजारच्या खांबावर पेटी होती. सताड उघडी! झाकण वर खिळ्याला टांगलेलं. आत हिरव्या पाटीवर काळी चिप, आणि तिची उघडी खिडकी डोळ्यासारखी चमकत होती. छपराच्या फुटक्या पत्र्यातून उन्हाचा भाकरीएवढा तुकडा खांबावर पडला होता. त्याची कड पेटीच्या काठाला टेकली होती.

घड्याळात तीन एकेचाळीस. नूरुद्दीनचाचा नवा पत्रा बसवायला वाकले. हात आत गेला.

"अब्बू!" इन्शा ओरडली. मोटारीच्या आवाजात ते त्यांना ऐकूच गेलं नाही!

ऊन पेटीत उतरलं. हिरव्या पाटीची कड उजळली. सायली धावली. कशी, ते तिला नंतरही आठवलं नाही. तिने पेटीला हात न लावता वही उन्हाच्या आड धरली. तेवढ्यात इन्शाने अब्बूंचा शर्ट धरून त्यांना मागे खेचलं.

रॅम वरच राहिला.

"काय चाललंय हे!" थर्मास हातात घेऊन सहादेव गरजला.

"काका, सगळ्यांना लांब करा," सायली म्हणाली. तिने वही जराही हलवली नाही. "चाचा, तुम्ही मेन स्विचपाशी उभे राहा. मी आता वही काढणार आहे."

"ऊन काय प्रेस चालवतंय व्हय गं?"

"तुम्हीच मोजा."

माणसं भिंतीशी सरकली. सायलीने वही काढली आणि मागे उडी मारली. उन्हाचा तुकडा सरळ चिपवर पडला.

"एक," सहादेव हसत म्हणाला. "दोन. ती..."

धाड!

रिकाम्या प्रेसचा रॅम लागोपाठ दुसऱ्यांदाही खाली आला. नूरुद्दीनचाचांनी मेन स्विच खाली ओढला.

तासाभराने जयमाला आली. सहादेवने स्वतःच सगळं सांगितलं. खंडेनवमीला त्याने पेटीही पुसली होती. "एक मळका कागद चिकटला हुता, त्यो काढला आन कुंकू लावलं. मॅडम, देवाच्या दिवशी मळ कसा ठेवायचा? मंग पेटी तापती म्हून झाकन काढून ठिवायचो. तुमी यायच्या येळंला लावायचो. तुमी रागवता ना!"

जयमाला रागावली नाही.

"स्टिकर नाही, हे मी टेबलावर पाहिलं होतं," ती हळूच म्हणाली. "म्हटलं, झाकण आहे, आत अंधारच असणार. नंतर लावू. आणि इतके दिवस मी प्रोग्राममध्ये चूक शोधत बसले! कडक उजेड पडला की ही चिप तेवढ्यापुरती चुकीचं सांगते, उजेड हटला की पुन्हा बरोबर. माझ्या टेबलावर ट्यूबलाइट होती. इथे ऊन होतं. मी दुपारी इथे येऊन नुसती उभी राहिले असते, तर कळलं असतं."

तिने काळी चिकटपट्टी कापली, खिडकीवर दाबून बसवली. झाकण चार स्क्रूंनी आवळलं आणि स्क्रूड्रायव्हर स्वतःच्या पर्समध्ये टाकला. छपराचा पत्रा सहादेवने त्याच संध्याकाळी बदलला.

दुसऱ्या दिवशी तीन बेचाळीसला कारखान्याचे मालकही खांबापाशी येऊन उभे होते. प्रेस रिकामाच चालू ठेवला होता. काटा तीन पन्नासवर गेला. रॅम वरच.

"शाब्बास, पोरांनो!" मालक म्हणाले. "एवढी मोठी माणसं असून आमच्यातल्या एकालाही वेळ लिहून ठेवायचं सुचलं नाही."

"माझी वही बघा," सायली म्हणाली. "गणिताची आहे, पण गणित एकच सोडवलंय."

नूरुद्दीनचाचांनी तेलकट हात फडक्याला पुसले. एक हात सायलीच्या डोक्यावर ठेवला, दुसरा सम्राटच्या. इन्शाने मनातल्या मनात अब्बूंची बोटं मोजली.

दहा.

मग तिने थर्मास उघडला आणि सगळ्यांना चहा ओतला.