एकोणीस अक्षरांची जागा

दामिनीताई हेडाऊ दर रविवारी सकाळी भंडाऱ्याजवळच्या शहापूरला हायवेच्या कडेला ऑटोची वाट पाहत उभ्या राहायच्या, आणि दर रविवारी त्यांना वाटायचं, आज जाऊच नये. गोंदिया वेगळा होऊन जिल्हा अर्धा झाला, त्या वर्षी त्यांनी भंडाऱ्यात पद्यनाटक शिकवायला सुरुवात केली होती. तेव्हा गुडघे धड होते, आवाज होता. आता पंधरा वर्षांनी गुडघे कुरकुरत होते आणि घशाच्या ऑपरेशननंतर आवाजाच्या जागी नुसती खरखर उरली होती. कमी बोला, असं नागपूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. बोलायला शिकवणं हाच ज्या बाईचा जन्मभराचा उद्योग, तिला.

तालीम विणकर सोसायटीच्या जुन्या हॉलमध्ये चाले. तिथले हातमाग केव्हाच उठले होते. मागाखालचे खड्डे फळ्या टाकून झाकले होते, त्यावर पाय पडला की पोकळ आवाज यायचा. किल्ली धनीरामजवळ असायची. उमेदीच्या वयात तो तिथेच विणायला बसायचा. आता दार उघडून, चहा सांगून, भिंतीला पाठ टेकून तालीम बघत बसायचा.

नाटक जुनं संस्कृतातलं, कुणा मास्तरांनी मराठी श्लोकांत उतरवलेलं. युद्ध जिंकून राजा परत येतो तर नगरी ओस पडलेली, अशी गोष्ट. राजाचं काम अंकुशकडे होतं. तो वरठीच्या स्टील प्लांटमध्ये फिटर होता. राणी होती स्वाती, साड्यांच्या दुकानात उभं राहून पाय सुजलेली. दोघंही मनापासून करायची, पण श्लोक आला की गायला लागायची. गाऊ नका, बोला, हे सांगून सांगून दामिनीताई थकल्या होत्या. ओळ एकोणीस अक्षरांची. बाराव्या अक्षरावर जरासं थांबायचं, मग उरलेली सात. टेबलावर बोटांनी ठेका धरून त्या हे शिकवत. माणसं शिकायची, नाट्यस्पर्धेत एकदा उभी राहायची आणि महिनाभरात सगळं विसरून जायची. या वर्षीची स्पर्धा झाली की पुरे, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

तिसऱ्या अंकात राजा म्हणतो, "आता या नगरीत कोण उरले, ज्याला म्हणू आपुले." पुढची ओळ लगेच यायला हवी. अंकुश थांबला. विसरला असेल, म्हणून दामिनीताईंनी वहीत बोट ठेवलं, तोवर तो आपणहून पुढचं बोलू लागला, बिनचूक. पुन्हा करायला लावलं, पुन्हा तिथेच थांबला. तिसऱ्या वेळी त्यांची बोटं सवयीने टेबलावर पडत राहिली. बारा, थांबा, सात. तो थांबला होता तो नेमका एका ओळीइतका.

"इथं काहून थांबतो रे?"

"तुम्ही बोलून राहिल्या होत्या ना ताई," अंकुश म्हणाला. "म्हणून थांबलो."

दामिनीताईंच्या तोंडात खोकल्याची गोळी होती. सकाळपासून त्या चार वाक्यंसुद्धा बोलल्या नव्हत्या. पोरगं रात्रपाळी करून आलंय, झोपेत असेल, असं म्हणून त्यांनी विषय सोडला.

पुढच्या रविवारी स्वातीही थांबली, तिच्या वेगळ्याच प्रवेशात. थांबताना तिने मान किंचित कलती केली आणि पुढची ओळ घेतली ती अशी, की दामिनीताईंच्या अंगावर काटा आला. ती गायली नव्हती. बोलली होती. जणू समोरच्याने काहीतरी मनाला लागेल असं म्हटलं होतं आणि ती त्याला उत्तर देत होती.

त्यांनी फोनवर तालीम टेप केली आणि घरी जाऊन ऐकली. अंकुशचा आवाज, मग पंख्याची घरघर, फळीवर कुणाचा तरी पाय, मग परत अंकुश. मध्ये काही नव्हतं. आठवड्याने तेच त्यांनी स्वातीला ऐकवलं. पंख्याची घरघर सुरू झाली तशी स्वातीने फोन कानाशी नेला आणि डोळे मिटून ऐकत राहिली.

"इथं किती हळू बोलल्या तुम्ही," ती म्हणाली.

मी काय बोलले, म्हणून दामिनीताईंनी विचारलं. स्वातीने तोंड उघडलं, पण तिला सांगता येईना. ऐकताना सगळं समजते, म्हणाली, पण तोंडात येत नाही.

धनीरामला त्यांनी पायरीवर एकट्याला गाठून विचारलं. त्याला या विचारण्याचंच नवल वाटलं. ऑपरेशन बरं मानवलं तुम्हाला, म्हणाला तो, आवाज किती मोकळा झाला. दामिनीताईंचा मोकळा आवाज धनीरामने कधी ऐकलेला नव्हता. तो किल्ली सांभाळायला आला, तो ऑपरेशननंतर.

स्पर्धेला दोन आठवडे उरले असताना त्यांना ताप आला. येत नाही, असा मेसेज त्यांनी स्वातीला केला आणि दिवसभर शहापूरच्या घरात गोधडी घेऊन पडून राहिल्या. दुसरा अंक पार कच्चा होता. तो आता तसाच जाणार, हे त्यांनी पडल्या पडल्या मान्यही करून टाकलं.

पुढच्या रविवारी अंकुशने विचारलं, दुसऱ्या अंकापासून घ्यायचं का. घेतला. पहिल्या श्लोकापासून शेवटच्यापर्यंत एक अक्षर घसरलं नाही, एकदाही गाण्याचा सूर लागला नाही. उच्चार स्वच्छ, श्वास जिथल्या तिथे. पंधरा वर्षं त्या जे मागत होत्या ते समोर उभं होतं. कुणी बसवलं हे, असं त्यांनी विचारलं तेव्हा दोघं एकमेकांकडे बघायला लागली.

"तुम्हीच तर बसवलं ना, गेल्या इतवारी," स्वाती म्हणाली.

"मी मेसेज केला होता."

"मेसेज आला, अन् तुम्ही बी आल्या," स्वाती म्हणाली. "चहा तेवढा घेतला नाही."

दामिनीताई खुर्चीत बसून राहिल्या. नाटक रद्द करावं, हॉल सोडावा, घरी जावं. सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण उठायचं तर गुडघ्यांवर भार द्यावा लागणार होता. आणि दुसरा अंक इतका चांगला झाला होता. त्यांनी वही उघडली आणि म्हणाल्या, तिसरा घ्या.

स्पर्धा भंडाऱ्यातच होती, दुपारी दोनचा प्रयोग. दामिनीताई शेवटच्या रांगेत भिंतीकडेच्या खुर्चीवर बसल्या. मागे उभी राहिलेली पोरं दाणे खात होती, पुढे कुणाचं तरी लेकरू रडत होतं.

तिसऱ्या अंकात अंकुश पुढे आला आणि म्हणाला, "आता या नगरीत कोण उरले, ज्याला म्हणू आपुले."

तो थांबला.

दाणे खाणारी पोरं थांबली. लेकरू गप्प झालं. शेजारच्या अनोळखी बाईने पदर तोंडाशी नेला आणि ती हळूहळू मान हलवू लागली, आपल्याच घरातलं कुणी बोलत असल्यासारखी. पुढच्या रांगेत परीक्षकाने पेन खाली ठेवलं.

सगळा हॉल ऐकत होता. फक्त दामिनीताईंना काही ऐकू येत नव्हतं.

त्यांनी ओठ घट्ट मिटले. श्वास रोखला. मग दोन बोटं आपल्या गळ्यावर ठेवली, ऑपरेशनच्या व्रणाखाली.

तिथे थरथर होती. बारीक, एकसारखी, बाराव्या अक्षरापर्यंत.

ती थांबली.

मग उरलेली सात.